सोनूचा पांढरा फ्रॉक

तबिथाबाई लोंढे सरळ स्वर्गात जाणार, याबद्दल पुण्यातल्या घोरपडीच्या त्या छोट्याशा मराठी चर्चमध्ये कोणालाच शंका नव्हती. शंका होती ती एकट्या तबिथाबाईंना.

तसं पाहिलं तर पुण्यात कोणी कोणाचं कौतुक करणं ही साधी गोष्ट नाही. इथं माणूस गेला तरी 'तसा बरा होता हो' एवढ्यावर लोक भागवतात. पण तबिथाबाईंचं नाव निघालं की भल्याभल्यांच्या जिभा मऊ व्हायच्या. कारण त्यांची सासू. सगुणाबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या आणि अकरा वर्षं तशाच पडून राहिल्या. उजवा हात गेलेला, उजवा पाय गेलेला, तोंड किंचित वाकडं. शाबूत होती ती जीभ. त्या अकरा वर्षांत म्हातारीच्या पाठीला एक फोड उठला नाही. चादर रोज बदललेली, केस विंचरलेले, ब्लाऊजची बटणं नीट लावलेली. भेटायला येणाऱ्या बाया नाकाला पदर लावायच्या तयारीनं यायच्या आणि खोलीत साबणाचा वास येतोय बघून खजील व्हायच्या. चर्चच्या महिला संघानं एका रविवारी तबिथाबाईंना शाल घातली. तेव्हाचे पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "सून असावी तर अशी." टाळ्या झाल्या. तबिथाबाई शाल घेऊन घरी आल्या, ती त्यांनी ट्रंकेच्या तळाशी टाकली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. जिनं केलं तिला आणि जिचं केलं तिला.

त्या सगळ्या वर्षांत तबिथाबाई सासूशी बोलल्या ते एवढंच: तोंड उघडा. कुशीवर व्हा. हात वर करा. झालं. याच्यापुढं एक अक्षर नाही. बरं वाटतंय का, नाही. झोप लागली का, नाही. म्हातारी काही बोलू लागली की ह्या बादली उचलून मोरीकडे. सेवा अशी की बोट ठेवायला जागा नाही, आणि मनात मात्र जहर. मर एकदाची, असंही त्यांना वाटायचं नाही. मरू नकोस, जग, आणि रोज माझ्याच हातचं खा, असं वाटायचं. रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून प्रार्थना म्हणत. त्यात दुसऱ्याच्या अपराधांची क्षमा करण्याचं वाक्य आलं की तबिथाबाईंचा आवाज बंद व्हायचा. ओठ तेवढे हलायचे. शेजारी बसणारीलाही कधी कळलं नाही.

एवढा राग कशाचा? तर एका फ्रॉकचा.

हसू नका, आधी ऐका. तबिथाबाईंना पहिली मुलगी झाली तेव्हा त्या नुकत्याच विशी ओलांडलेल्या होत्या. मुलीचं नाव बाप्तिस्म्याच्या दिवशी ठेवायचं, तोवर घरात नुसतंच सोनू. त्या चर्चमध्ये बाप्तिस्मे व्हायचे महिन्याच्या पहिल्या रविवारी. दिवस ठरला, पाळकांना सांगून झालं, नातेवाइकांना निरोप गेले आणि ऐन वेळी सगुणाबाई अडून बसल्या. पहिली नात! तिला साध्या झबल्यात देवाच्या घरी न्यायची नाही म्हणजे नाही. त्यांनी लष्कर भागातल्या एका शिंप्याकडे पांढरा नायलॉनचा फ्रॉक शिवायला टाकला होता. खाली लेसच्या झालरी, पाठीला मोत्यासारखी बटणं. आणि शिंप्याचा 'उद्या' कधी कोणाच्या बापजन्मी उजाडलाय?

"पुढच्या महिन्यात करू," सगुणाबाई म्हणाल्या. "महिन्यानं काय आभाळ कोसळतंय?"

तबिथाबाई नवी सून, ती काय बोलणार. नवरा रत्नाकर आईपुढं ब्र काढणारा नव्हताच.

त्या महिन्यात सोनूला जुलाब लागले. बघता बघता पोर सुकली आणि गेली. फ्रॉक आला तो तिला पुरून घरी आल्यावर, त्याच संध्याकाळी. शिंप्याचा माणूस दारात उभा राहून म्हणाला, "उशीर झाला, माफ करा हं." तबिथाबाईंनी त्याच्या हातातून पुडकं घेतलं, आत आल्या आणि ते सासूच्या मांडीवर फेकलं.

"हा घ्या तुमचा फ्रॉक. तुम्हालाच लखलाभ."

त्यानंतर तो फ्रॉक त्या घरात कोणी पाहिला नाही. विकला असेल, नाहीतर कोणाच्या पोरीला देऊन टाकला असेल, असं तबिथाबाईंनी मनाशी ठरवून टाकलं. सोनूचं नावही सासूच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. पुढं मुलगा झाला, समाधान. त्याला तबिथाबाईंनी जन्मानंतर आलेल्या पहिल्याच 'पहिल्या रविवारी' बाप्तिस्म्याला नेला, धुवून विटलेल्या झबल्यात. सगुणाबाई खाली मान घालून बाकावर बसून होत्या.

पाळक म्हणाले होते, लेकरं देवाचीच असतात, काळजी करू नका. पण चर्चच्या मंडळीतल्या बाया कुजबुजायच्याच, डोक्याला बाप्तिस्म्याचं पाणी लागलं नाही हो पोरीच्या, वर घेतील का तिला? कबरस्तानात तान्ह्या मुलांना भिंतीकडेला पुरत. दगड नाही, नाव नाही. सोनूला तर नावच नव्हतं, दगडावर लिहिणार काय? पुढं तिथून फरशीचा रस्ता झाला. तबिथाबाई कबरस्तानात गेल्या की भिंतीकडेला पाय टाकायच्याच नाहीत. न जाणो, कुठल्या फरशीखाली आपली पोर असायची.

आता त्या दुपारचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खातं.

सगुणाबाईंचं अंग पुसून झालं होतं. तबिथाबाई त्यांच्या ब्लाऊजची बटणं लावत होत्या. म्हातारी छताकडे बघत होती. एकदम म्हणाली, "तबिथा, मी आता जाणार. गेले की आधी तिच्याकडेच जाईन. तुझ्या सोनूकडे. तिला सांगेन, तुझी आई कशी आहे ते."

तबिथाबाईंचा हात शेवटच्या बटणावर थांबला. इतक्या वर्षांनी सोनूचं नाव, आणि तेही हिच्या तोंडून! काय सांगणार आहात, असं विचारायला तोंड उघडलंही होतं. पण सवय कुठं जाते? तोंडून निघालं ते नेहमीचंच, "झालं." बादली उचलली आणि मोरीत गेल्या. त्याच आठवड्यात म्हातारी गेली. विचारायचं राहिलं ते राहिलंच.

त्या चर्चची एक रीत होती. मयताला घरच्या बाईनं नेसवायचं नाही. घरच्यांनी रडावं, मंडळीनं नेसवावं. महिला संघाच्या चंद्रभागाबाई आल्या, त्यांनी दार लावून घेतलं आणि सगुणाबाईंना तयार करून शवपेटीत ठेवलं. गळ्यापर्यंत पांढरी चादर ओढलेली. तबिथाबाईंना त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. त्या म्हातारीच्या अंगाला आता पुन्हा हात लावायला नको.

सुटका कसली आणि काय. सगुणाबाईंना काही हवं असलं की त्या डाव्या हातानं स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवायच्या. टण टण. माती दिली, पाहुणे गेले, आणि नेहमीच्या चहाच्या वेळेला आतल्या खोलीतून आवाज आला. टण टण. तबिथाबाई हातातली कपबशी तशीच घेऊन धावल्या. खाट रिकामी. गादीसुद्धा गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग रत्नाकर निवृत्त झाले, समाधानला हिंजवडीत नोकरी लागली, भाड्याच्या खोल्या सोडून वाघोलीला फ्लॅट घेतला. नव्या कोऱ्या भिंती, रंगाचा वास. तबिथाबाईंना वाटलं, चला, ब्याद गेली. सामान लागतं न लागतं तोच दुपारी टण टण. म्हातारीला जिना चढता येत नव्हता हे खरं, पण इथं मेली लिफ्ट होती!

भुताची भीती त्यांना नव्हती. भुताला काय, दोन शब्द सुनावता येतात. भीती वेगळीच होती. वर गेल्यावर सोनू आईला ओळखणार कशी? अंगावर पिणारं पोर ते. त्याच्याजवळ आईच्या आधी जाऊन पोचली कोण, तर ही. आता तिथं बसून सांगत असेल, तुझी आई? चांगली होती हो, लोक तिला शाली घालायचे. पण मला विचार. माझ्याशी धड एक शब्द बोलली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. हात तिचे फार चांगले, काळीज दगडाचं. उद्या आपण तिथं जायचं आणि पोरीनं आजीच्या पदराआड तोंड लपवायचं! हा विचार आला की हातातलं काम हातातच राहायचं. लोकांच्या साक्षीनं स्वर्गाचं दार उघडेलही, पण आत गेल्यावर पोरीनं तोंड फिरवलं तर तो स्वर्ग घेऊन चाटायचाय?

एकदा नवे तरुण पाळक घरी प्रार्थनेला आले. तबिथाबाईंनी चहा ठेवला आणि सरळच विचारलं, "साहेब, एखादीनं हातानं सगळं केलं आणि मनात जहर ठेवलं, तर वर काय धरतात? हात की मन?"

"आंटी, देव मन बघतो," ते म्हणाले. "पण तारण आपल्या चांगुलपणावर नसतंच. ते कृपेनं मिळतं. आपण कमवायचं काही नाही."

"म्हणजे अकरा वर्षं मी गू-मूत काढलं ते हिशेबातच नाही?"

पाळक हसले, पण समोरची बाई हसत नाही हे बघून त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मन आपलं आपण बदलू शकत नाही, आंटी. ते त्याच्याकडे मागावं लागतं. आणि मिळालं की पहिला शब्द आपण बोलावा लागतो."

"कोणाशी बोलू? ती तर गेली."

पाळकांनी बायबलची पानं चाळली. "चहा घ्या, निवतोय," तबिथाबाई म्हणाल्या.

मग रत्नाकर आजारी पडले. बायको आणि आई यांच्यामध्ये सगळा जन्म पेपरात तोंड खुपसून काढलेला तो माणूस. दवाखान्यात अगदी शेवटी शेवटी त्यांनी तबिथाबाईंचा हात धरला आणि म्हणाले, "मी पुढं होतोय. आईला विचारून ठेवतो."

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते. मी त्या दुपारी दाराबाहेरच होतो."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! आणि इतकी वर्षं पेपर वाचत बसले! रागवावं की रडावं ते तबिथाबाईंना कळेना. दोन्ही करायच्या आत ते गेले.

पुण्यात जिवंत माणसाला जागा नाही, मेलेल्याला कुठून मिळणार? नवी कबर मिळत नाही. घराण्याची जुनी कबर उघडायची, आतली हाडं गोळा करून पांढऱ्या कापडात बांधायची, ती पायथ्याशी ठेवायची आणि वर नवी पेटी. रत्नाकरना ठेवायचं होतं ते सगुणाबाईंच्या कबरीत. पुढं तबिथाबाईंचीही जागा तीच. जन्मभर जिच्याकडे पाठ केली, तिच्याच उशापायथ्याला शेवटच्या दिवसापर्यंत निजायचं आणि पुनरुत्थानाची तुतारी वाजली की दोघींनी एकाच खड्ड्यातून उठायचं. घ्या आता!

कबर उघडताना घरचं कोणीतरी उभं लागतं. समाधान मृत्यूच्या दाखल्याच्या मागं पळत होता. "मम्मी, तू नको जाऊस, प्लीज. मी कोणालातरी अरेंज करतो," तो म्हणाला.

"अरेंज काय करतोस? घरची मीच आहे," असं म्हणून तबिथाबाई सकाळीच कबरस्तानात गेल्या. काठी टेकत चंद्रभागाबाईही आल्या. त्यांनी आता ऐंशी ओलांडली होती, पण मंडळीतलं एकही मयत त्या चुकवत नसत.

कबर खणणारा पोपट घाम पुसत म्हणाला, "बाई, तुमी हितं नका थांबू. बायामान्सांनी बघायचं न्हाई हे."

"बघायचं ते सगळं बघून झालंय. खणा तुम्ही."

पोपटनं माती उपसली. पेटी केव्हाच मातीला मिळाली होती. तो खाली उतरला आणि एकेक हाड उचलून वर पसरलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवू लागला. तबिथाबाई बघत होत्या. ह्याच पायाला आपण तेल लावत होतो. ही पाठ. हिला फोड येऊ दिला नाही. त्यांना आपल्या हातांची लाज वाटली.

खालून पोपटचा आवाज आला, "हे काय हाय ओ? डाव्या हाताच्या हाडांत गुतलंय. कापड हाय. आन् सडलं कसं न्हाई?"

त्यानं ते झटकून वर दिलं. मातीनं तपकिरी झालेलं, पण धडधाकट. नायलॉनला माती काय करणार? लहानसा फ्रॉक होता. खाली लेसच्या झालरी, पाठीला बटणं.

तबिथाबाई मातीच्या ढिगावरच बसल्या.

"मीच ठेवला होता," मागून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिनं. अंथरुणाला लागली तेव्हाच माझ्याकडे दिला. म्हणाली, मी गेले की डाव्या हातात दे, उजवा कामाचा नाही. पोरीला नेऊन द्यायचाय, माझ्यापायी तिचा राहिलाय. तबिथाला दाखवू नको, तिला तो बघवायचा नाही."

तबिथाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. सोनू गेली तेव्हासुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या, तेव्हा रागानं रडू गिळून टाकलं होतं. पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "आणि माझं? माझं काय सांगणार होत्या हो तिला?"

"ते मला काय ठाऊक, बाई? मी फक्त फ्रॉक ठेवला."

म्हणजे तेही नाही. ते कळायचं नव्हतंच. तबिथाबाईंनी फ्रॉक गालाला लावला. नुसत्या मातीचा वास. सोनूची म्हणून जगात एवढीच एक वस्तू उरली होती आणि तीही तिच्या अंगाला कधी लागली नव्हती.

पोपट वर आला. कापडाची टोकं हातात धरून म्हणाला, "गाठ मारू का? आन् ते कापड घरी नेताय का ठेवू हिच्यात?"

तबिथाबाईंनी फ्रॉक छातीशी घट्ट धरला. द्यावासा वाटेना. मग त्या उठल्या, कापडाजवळ गुडघे टेकून बसल्या, फ्रॉकची माती हातानं झाडली, झालरी सरळ केल्या, नीट घडी घातली आणि ती सगुणाबाईंच्या हाडांवर ठेवली. हात तिथंच राहू दिला. चंद्रभागाबाई डोळे मिटून प्रार्थना म्हणू लागल्या, पण तबिथाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"आई," त्या म्हणाल्या. सोनू गेल्यापासून ही हाक त्यांनी मारली नव्हती. "माझं काय सांगायचं ते सांगा तिला. खरं तेच सांगा. पण हा तिला घालून ठेवा. बटणं मागं आहेत, तुमच्या एका हातानं लागायची नाहीत. ती मी आल्यावर लावीन."